बावीस जणांची क्रूझ, आणि पैसे कुणाच्या खात्यातून?

पत्र:

ताई, पुढच्या जूनमध्ये माझ्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं पूर्ण होतात. हॉल, जेवणावळ, फोटो यापेक्षा सगळ्यांनी मिळून क्रूझला जायचं ठरतंय. आम्ही ठाण्याचे चौघं (मुलगा यंदा दहावीला), नाशिकची नणंद, तिचे यजमान, तिची कॉलेजातली धाकटी, आणि थोरली लेक-जावई. थोरलीला डॉक्टरांनी सप्टेंबरअखेरची तारीख दिली आहे. बंगळुरूचे दीर-जाऊ. न्यू जर्सीची चुलत नणंद, नवरा आणि मुलगा. तिघांचेही पासपोर्ट अमेरिकेचे. नाशिकच्या मामी, एकट्याच असतात. शिवाय सासऱ्यांच्या फिरायच्या कट्ट्यावरचे दोन मित्र सपत्नीक. असे २१ जण. दिरांना सिंगापूरची क्रूझ हवी आहे, सासूबाई म्हणतात मुंबईहून जाऊ, वाटेत लक्षद्वीप बघू. त्यांचे गुडघे दुखतात, आणि आमची कुलदेवी गोव्यात कवळ्याची शांतादुर्गा. बुकिंग माझ्यावर आलं आहे. दोघातिघांनी आत्ताच सांगितलं, 'तू भरून टाक, नंतर देतो.' नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणायची भीती वाटते. काय करू?
एक वाचक, ठाणे

उत्तर:

प्रिय ताई,

जहाज कुठलं हा प्रश्न तुम्ही आधी विचारला आहे, पण तुमची झोप उडवणारा प्रश्न पत्राच्या शेवटी आहे. तिथूनच सुरुवात करू. कुणाचेही पैसे तुम्ही भरू नका. चार दिवसांसाठी नाही, जवळच्या माणसाचेही नाही. तुम्हाला पैशाची हाव आहे किंवा त्यांची नियत खोटी आहे म्हणून मी हे म्हणत नाही. क्रूझच्या बुकिंगची घडणच अशी असते की ज्याने पैसे भरले त्याच्या गळ्यात सगळ्यांच्या अडचणी येतात.

आधी ठरावीक रक्कम भरून केबिन राखून ठेवतात. उरलेले पैसे निघण्याच्या दोन-तीन महिने आधी, काही कंपन्यांत त्याहूनही आधी, एका ठरलेल्या तारखेला पूर्ण भरावे लागतात. त्यानंतर कुणी रद्द केलं तर निघण्याची तारीख जितकी जवळ, तितकी जास्त रक्कम बुडते आणि शेवटच्या आठवड्यांत सगळीच बुडते. आता समजा, कट्ट्यावरच्या मित्रांपैकी एकाच्या पत्नीचं ऑपरेशन निघालं आणि पैसे तुम्ही भरलेले आहेत. तुम्ही त्यांच्याकडे ते मागणार आहात? नाही मागणार. मागू शकलात तरी सासऱ्यांना ते रुचणार नाही. मग नुकसान तुमचं, आणि मनात अढी दोन्हीकडे.

म्हणून अशी सोय करा. एजंट एकच ठेवा, पण प्रत्येक घराचं बुकिंग वेगळं, त्या घराच्या नावावर, पैसे त्या घराने थेट भरायचे आणि पावती त्यांच्या नावाची. ही बुकिंगं एकमेकांना जोडता येतात, म्हणजे केबिन जवळजवळ मिळतात आणि जेवणाची टेबलं शेजारी लागतात. ग्रुपचा फायदा सगळा राहतो, उधारी राहत नाही. एजंट म्हणाला, 'मॅडम, एकानेच भरलं तर सोपं पडेल', तर ते त्याला सोपं पडणार आहे, तुम्हाला नाही. आणि पैसे कंपनीच्या किंवा एजन्सीच्या चालू खात्यातच जाऊ देत, कुणा कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक यूपीआयवर नकोत.

परदेशी क्रूझ असेल तर याला आणखी एक कारण आहे. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने किमतीवर वसूल केलेला आयकर, लागतो आणि तो पैसे भरणाऱ्याच्या पॅनवर नोंदला जातो. त्याचे दर गेल्या काही अर्थसंकल्पांत बदलत आले आहेत, त्यामुळे त्या दिवशीचा दर एजंटकडून लेखी घ्या. सगळ्यांचं पॅकेज एकाच पॅनवर आलं तर त्या माणसाच्या नावावर तेवढी मोठी रक्कम दिसते, आणि परतावा किंवा वजावटही फक्त त्यालाच मिळते. इतरांच्या वाट्याचा टीसीएस त्यांना परत कसा द्यायचा, हा हिशोब मी कुटुंबांत भांडणापर्यंत गेलेला पाहिला आहे. शिवाय स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्याही परदेशप्रवासावर वर्षात २ लाखांहून जास्त खर्च केला, तर उत्पन्न करपात्र नसलं तरी आयकर विवरणपत्र भरावं लागतं. घरातल्या निवृत्त माणसाच्या कार्डावरून सगळं बुकिंग करायचा विचार कुणी मांडला तर हे आधी सांगा.

एक अपवाद आहे. सासू-सासऱ्यांची केबिन ही तिन्ही मुलांकडून भेट असू दे. ती रक्कम तुम्ही, नणंद आणि दीर यांनी सारखी वाटून घ्या, आणि आहेर म्हणून तेवढीच. बाकी कुणाचं कोण भरणार, हे आमंत्रणातच स्पष्ट हवं. आपल्याकडे 'आमच्याबरोबर चला' म्हटलं की समोरच्याला कळत नाही की हे यजमानपण आहे की सोबत. कट्ट्यावरचे मित्र विचारणार नाहीत, संकोचतील, आणि आकडा कळल्यावर काहीतरी कारण काढून गळतील. त्यांच्याशी सासऱ्यांनी स्वतः बोलावं. बाकीच्यांना असा काहीसा निरोप पाठवा, शब्द तुमचे घाला:

'आई-बाबांच्या पन्नाशीनिमित्त आपण सगळे क्रूझला जाऊ या. आई-बाबांची केबिन आम्हा तिघा भावंडांकडून. बाकी प्रत्येक घराने आपलं बुकिंग आपल्या नावाने, थेट एजंटकडे करायचं आहे. एजंटचा नंबर, केबिनचे तीन प्रकार आणि सगळे कर धरून होणारी रक्कम सोबत देते. पहिला हप्ता अमुक तारखेपर्यंत भरला की केबिन पक्की. त्यानंतर यायचं ठरलं तर तेव्हाच्या दराने. यायला जमलं नाही तरी जूनमध्ये घरी पूजेला सगळ्यांना यायचंच आहे.'

ज्यांनी 'तू भरून टाक' म्हटलं त्यांना वेगळं उत्तर देऊ नका. हा निरोप सगळ्यांना एकदम गेला की त्यांच्यावर बोट ठेवल्यासारखं होत नाही. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. ज्याला परवडत नाही त्याला मान न घालवता नाही म्हणण्याची वाट त्यातच आहे.

आता तारीख. लग्नाचा वाढदिवस जूनमध्ये आहे म्हणून क्रूझ जूनमध्ये, हा हट्ट सोडा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, त्या काळात मुंबईहून अशा सहली सहसा निघत नाहीत. मी एप्रिलचा मधला आठवडा सुचवेन. दहावीची परीक्षा तोवर संपते, पाऊस दूर असतो, समुद्र शांत असतो, आणि अमेरिकेत बऱ्याच शाळांना एप्रिलच्या आसपास स्प्रिंग ब्रेक असतो. 'सोहळा आधी कसा करायचा?' असं सासूबाई म्हणतील. त्यांचं बरोबर आहे. पूजा, सत्यनारायण, जे काही करायचं असेल ते जूनमध्ये तिथी किंवा तारीख पाहून घरीच करा. क्रूझला सोहळा म्हणू नका, सहल म्हणा.

एप्रिलच्या मध्याला आणखी एक कारण आहे, आणि ते तुमच्या मोजणीतून सुटलं आहे. तुम्ही २१ लिहिलंत, मी २२ मोजले. थोरलीचं बाळ! बहुतेक क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालचं मूल घेत नाहीत आणि वय जहाजावर चढण्याच्या दिवशी मोजतात. सप्टेंबरअखेर बाळ झालं तर एप्रिलच्या मध्याला ते साडेसहा महिन्यांचं असेल. मार्चमध्ये निघालात तर ती आई मागे राहील. बाळाचं नाव अजून ठरलेलं नसलं तरी त्या केबिनमध्ये तिघांची जागा आजच सांगून ठेवा. लाइफबोटीतल्या जागा मोजून दिलेल्या असतात, त्यात तान्हं मूलही धरलं जातं, आणि ऐनवेळी केबिनमध्ये एक जण वाढवायला कंपनी नाही म्हणू शकते. थोरली आणि तिच्या डॉक्टरांचं मत अर्थातच सगळ्यांत आधी. तिला जमणार नसेल तर आग्रह नको.

सिंगापूर की मुंबई? दिरांच्या बाजूने बोलायचं तर सिंगापूरहून निघणारी जहाजं मोठी असतात, मलाक्काच्या सामुद्रधुनीत दोन्ही बाजूंनी जमीन असल्याने पाणी बहुतेक वेळा शांत असतं, आणि मलेशियातल्या पेनांगला जहाज जॉर्जटाउन शहराच्या काठालाच लागतं, उतरून चालत फिरता येतं. पण पोर्ट क्लांग बंदरातून क्वालालंपूर गाठायला तासाभराहून जास्त बसचा प्रवास आहे. विमानाचं भाडं, आदल्या रात्रीचं हॉटेल, व्हिसा, विमा, सहा महिने मुदत उरलेले पासपोर्ट, हे सगळं नऊ घरांसाठी. जहाज सिंगापूर सोडून परत सिंगापूरलाच येतं, त्यामुळे व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हेही प्रत्येकाचं पाहावं लागतं. मामी आणि कट्ट्यावरचे मित्र इथेच गळतील असं मला वाटतं. दीर-जाऊ सिंगापूरला दोघंच कधीही जाऊ शकतात. ही सहल ज्यांच्यासाठी आहे त्यांना सोयीचं काय, ते बघायचं.

म्हणून मुंबईहून. २०२१पासून मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज सुटतं. बॅलार्ड पिअरला, म्हणजे फोर्टातच, चढायचं. नाशिकची मंडळी आदल्या रात्री ठाण्यात तुमच्याकडे उतरली की झालं. जहाज १९९० सालचं आहे. नव्या मोठ्या जहाजांच्या चित्रांत दिसतात तशा ओळीने बाल्कन्या त्याला नाहीत, बाल्कनीच्या केबिन मोजक्या आहेत. दिरांना हे आधी सांगा, म्हणजे जहाजावर गेल्यावर तुलना सुरू होणार नाही. आणि सासू-सासऱ्यांसाठी बाल्कनी घ्यायची असेल तर तेवढ्यासाठी तरी लवकर बुकिंग करा.

लक्षद्वीपबद्दल मात्र सासूबाईंना समजावावं लागेल. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. दूर नांगर टाकतं आणि लहान बोटींतून बेटावर नेतात. हलत्या बोटीत पाय टाकायचा, हात धरून उतरायचं, परत तसंच चढायचं. दुखऱ्या गुडघ्यांना हे झेपत नाही, आणि व्हीलचेअर त्या बोटीत नेता येईलच असं नाही. वारा वाढला की उतरणंच रद्द होतं आणि दिवस जहाजावर जातो. त्यातून लक्षद्वीपला जायला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो. परदेशी पासपोर्टवाल्यांचे नियम वेगळे आणि कडक आहेत, त्यामुळे न्यू जर्सीचे तिघं अडकण्याची शक्यता. एका बेटासाठी सासूबाई जहाजावर एकट्या बसणार आणि तीन पाहुणे परवान्याच्या रांगेत राहणार असतील तर ते बेट या खेपेला सोडून द्या.

गोव्याला जहाज मुरगावला धक्क्याला लागतं. आणि तिथे तुमची शांतादुर्गा आहे! पन्नास वर्षांच्या संसारानंतर दोघांनी जोडीने कुलदेवीची ओटी भरायची, सोबत तिन्ही मुलं, नातवंडं. मला वाटतं तुमच्या सासूबाईंना लक्षद्वीपपेक्षा हे सांगून बघा, त्यांचा चेहरा खुलेल. मुरगावहून कवळ्याला गाडीने साधारण तास धरा. जहाज गोव्यात किती तास थांबणार हे त्या तारखेच्या वेळापत्रकात बघूनच केबिन पक्की करा. दुपारीच परत निघणार असेल तर दुसरी तारीख शोधा. गाड्या तुम्ही बाहेरून ठरवणार असाल तर एक लक्षात ठेवा: जहाजाने स्वतः काढलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज बहुधा थांबतं, तुमच्या गाडीसाठी थांबत नाही. जहाजावर परतायची जी शेवटची वेळ दिली असेल तिच्या दोन तास आधी धक्क्यावर असा. वाटेत मासळीची थाळी, काजू, फेणी असले थांबे नकोत. देवदर्शन आणि परत. ज्यांना समुद्रकिनाऱ्यावर जायचं त्यांनी वेगळी गाडी करावी.

केबिनचा हिशोब मी असा मांडला. सासू-सासरे, तुम्ही चौघं, नणंद आणि यजमान, लेक-जावई-बाळ, दीर-जाऊ, न्यू जर्सीचे तिघं, मित्रांच्या दोन, आणि मामी व कॉलेजातली भाची मिळून एक. झाल्या ९. क्रूझचं भाडं माणशी सांगतात, पण ते एका केबिनमध्ये दोघं धरून असतं. एकट्या माणसाला जवळजवळ दोघांचं भाडं पडू शकतं, म्हणून मामींना सोबत हवी. पण हे मामींना आणि भाचीला वेगवेगळं विचारा, सगळ्यांसमोर नको. भाचीला एकोणीस-विसाव्या वर्षी रात्री उशिरापर्यंत डेकवर हिंडायचं असेल आणि मामींना नऊला झोपायचं असेल, तर दोघींनाही 'नाही' म्हणता आलं पाहिजे. तसं झालं तर मामींचा वाढीव खर्च तुम्ही भावंडांनी गुपचूप उचलणं मला योग्य वाटतं. एकटं असणं हा काही त्यांचा दोष नाही.

चार जणांच्या केबिन फार थोड्या असतात आणि आधी संपतात. तुमच्या घराला ती हवी असेल तर पहिल्या फोनमध्येच मागा. सासू-सासऱ्यांची केबिन जहाजाच्या मध्यभागी, लिफ्टजवळ आणि शक्य तितक्या खालच्या डेकवर असावी. टोकाला आणि उंचावर हेलकावे जास्त जाणवतात. जहाजाचे जिने आणि लांबच लांब कॉरिडॉर सासूबाईंना दमवतील, चढता-उतरतानाची व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या.

ग्रुपचा दर मिळायला बऱ्याच कंपन्यांत ८ केबिनच्या आसपास अट असते. तुमच्या ९ आहेत. म्हणजे दोन घरं गळली की तुम्ही अटीखाली. त्यामुळे एजंटला हा प्रश्न लेखी विचारा: केबिन कमी झाल्या तर उरलेल्यांचा दर वाढणार का? ग्रुपचा दर नेहमी स्वस्तच असतो असंही नाही. कधीकधी 'मुलं मोफत' अशा सुट्या सवलती जास्त फायद्याच्या पडतात. दोन्ही दर शेजारीशेजारी मांडून घ्या, आणि त्यात बंदर शुल्क, जीएसटी, टिप सगळं धरलेलं असू दे. जाहिरातीतला आकडा पाहून सगळ्यांना सांगितलं आणि मग वर कर चढले की संशय तुमच्यावर येतो. काही कंपन्या ठरावीक संख्येमागे एका माणसाचं भाडं सोडतात. तशी सूट मिळाली तर तीही उघड सांगा आणि सासू-सासऱ्यांच्या केबिनमध्ये वळती करा. कुणी काही म्हणणार नाही.

विमा सगळ्यांचा असावा, आणि ज्येष्ठांचा तर नक्कीच, त्यात रक्तदाब, मधुमेह, जुनी ऑपरेशनं लपवू नका. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल तिथेच भरावं लागतं. मोठ्या बॅगा बंदरावर ताब्यात घेतात आणि केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत येतात, म्हणून औषधं, चष्मे, बाळाचं सामान हातातल्या पिशवीत.

घरचे डबे नेता येतील का, हे सासूबाई विचारतीलच. घरी केलेलं अन्न जहाजावर बहुधा नेऊ देत नाहीत, बंद पाकिटातला सुका खाऊ चालतो. कुणी कांदा-लसूण खात नसेल, उपास असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. आणि औक्षण घरून निघतानाच करून घ्या. जहाजावर उघडी ज्योत चालत नाही, निरांजन, समई, उदबत्ती, केकवरच्या मेणबत्त्या, काहीच नाही. तिथे केक कापायचा असेल तर एजंटमार्फत आधी सांगून ठेवा.

जहाजावर सगळ्यांनी सतत एकत्र राहायचा नियम करू नका. रोज रात्रीचं जेवण एकत्र, आणि गोव्यात कुलदेवी. बाकी ज्याला जे हवं ते. समुद्रात फोनला रेंज नसते आणि जहाजाचं नेटवर्क महाग पडतं. भेटायची जागा आणि वेळ सकाळच्या चहालाच ठरवा आणि सगळे फोन विमान मोडवर टाका.

या आठवड्यात पहिला फोन न्यू जर्सीला करा. तिच्या मुलाच्या शाळेची सुट्टी नेमकी कधी, आणि तिघांची ओसीआय कार्डं (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारी) नव्या पासपोर्टप्रमाणे अद्ययावत आहेत का, हे कळल्याशिवाय एजंटला तारीख देऊ नका. दुसरा फोन तुमच्या थोरल्या भाचीला.